डिलकोचा ॲडव्हान्स उघडत नाहीये का? आयडलिंगला टायमिंग बरोबर, पण वर गाडी ओढत नाही

कार्बोप्रेमी:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, कार्बोरेटरवाली, इग्निशन साधं सीबी पॉइंट (उघडले की कॉइलचा करंट तुटून स्पार्क पडतो ते) आणि कंडेन्सरचं. डिलकोत (म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये) वजनांचा ॲडव्हान्स आहे, म्हणजे स्पीड वाढेल तसा स्पार्क आधी टाकणारा, आणि बाजूला व्हॅक्यूमचा डबा पण आहे. मॅन्युअलमध्ये टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर येण्याच्या) आधी ८ डिग्री दिलंय, ते टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) लावून आयडलिंगला नीट बसवलंय, क्रँकच्या पुलीवरची खूण काट्यासमोर येते, थोडी थरथरते पण येते. तरी गाडीत जीव नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरला ठीक चालते पण २५०० आरपीएमच्या पुढे नुसता आवाज वाढतो, ओढ वाढतच नाही, चढाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सुद्धा खालचा गिअर टाकावा लागतो आणि टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा वर राहतो. कार्बोरेटर साफ केलाय, फिल्टर आणि प्लग नवीन आहेत, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं.

आता गंमत अशी की डिलको थोडा फिरवून टायमिंग १४-१५ डिग्रीवर नेलं की वरची ओढ लगेच सुधारते, पण मग सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं आणि कमी स्पीडला लोड आला की टकटक नॉकिंग सुरू. म्हणून परत ८ वर आणलं. कॉइल बदलून बघू का? का सरळ पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकू?

फीलरगेज:
किट टाका आणि मोकळे व्हा. पॉइंट घासणार, गॅप बदलणार, कंडेन्सर कधीही दगा देणार, कशाला ती कटकट.

टायमिंगलाइट:
@कार्बोप्रेमी, कॉइलला हात लावू नका आणि किट पण आत्ता नको. फीलरगेज म्हणतायत ते किट पॉइंटच्या जागी बसतं, त्याच्या खालची वजनं, स्प्रिंग, व्हॅक्यूमचा डबा सगळं जुनंच राहतं, त्यामुळे खालचं जाम असेल तर किट टाकूनही गाडी आज चालतेय तशीच चालणार.

तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. आयडलिंगला ८ डिग्री बरोबर आहे याचा अर्थ एवढाच की आयडलिंगला ८ डिग्री बरोबर आहे. वर ३००० ला किती आहे ते तुम्ही बघितलंय का? बहुतेक लोक बघत नाहीत, लाइट लावतात, खूण जुळली की क्लॅम्पचा नट आवळून बॉनेट बंद करतात. डिलको हाताने फिरवून १४-१५ केल्यावर वर ओढ येते आणि खाली नॉकिंग होतं, म्हणजे इंजिनाला वर जास्त ॲडव्हान्स हवाय जो त्याला आपोआप मिळत नाहीये. आणि टेंपरेचर वर राहणं पण त्यातलंच आहे, स्पार्क उशिरा पडला की जळण्याचं काम लांबतं, पिस्टन खाली जात असताना आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही जाळ चालूच राहतो, मग ती उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्ट पोर्ट आणि पाण्यात जाते.

तर असं करा. व्हॅक्यूमची नळी डब्यावरून काढा आणि नळीचं तोंड बोळा घालून बंद करा, उघडी ठेवू नका. मग लाइट लावून ८००, १५००, २००० आणि ३००० आरपीएमला किती डिग्री दिसतं ते लिहून काढा. हा फक्त वजनांचा ॲडव्हान्स झाला. नंतर नळी परत जोडून २५०० च्या आसपास धरून ठेवा आणि बघा काही वाढतं का, जे वाढेल ते व्हॅक्यूमचं. दोन्ही वेगवेगळं मोजा, एकत्र मोजलं तर काहीच कळत नाही. आणि सांभाळून, टायमिंग लाइटमध्ये फिरता फॅन थांबल्यासारखा दिसतो, लोकांची बोटं गेलीत त्यात, बाह्या दुमडून आणि वायर लांब ठेवून काम करा.

कार्बोप्रेमी:
@टायमिंगलाइट धन्यवाद, हे कधी असं वेगवेगळं मोजलंच नव्हतं. पण अडचण अशी की माझ्या पुलीवर फक्त टॉपची आणि ८ डिग्रीची खूण आहे, पुढे काहीच नाही. ३००० ला किती झालं ते वाचायचं कसं? माझा लाइट साधा आहे, डायलवाला नाही.

पानाहातोडी:
पुलीचा व्यास मोजा की, सोपं आहे. व्यास गुणिले ३.१४ म्हणजे घेर, भागिले ३६० म्हणजे एका डिग्रीला किती मिलिमीटर. समजा पुली १५० मिमीची असेल तर घेर ४७१ मिमी, म्हणजे एक डिग्री साधारण १.३ मिमी. मग टॉपच्या खुणेपासून १० डिग्रीला १३, २० ला २६ आणि ३० ला ३९ मिमी. कागदी मास्किंग टेपची पट्टी पुलीच्या कडेवर चिकटवून त्यावर बारीक पेनाने रेघा मारा आणि पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. फक्त दिशा चुकवू नका, पुली ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला टॉपच्या पुढे मोजायचं. तुमची ८ ची खूण टॉपच्या कुठल्या बाजूला आहे ते बघितलं की कळेलच.

आणि एक, पुली रबरवाली आहे का? आत एक लोखंडी हब, मध्ये रबर, बाहेर जड रिंग अशी असेल तर जुनं रबर सुटून बाहेरची रिंग सरकते, मग खूण खोटं बोलते आणि तुम्ही खोट्या खुणेवर सगळं बसवत राहता. आधी टॉप खरा आहे का ते बघून घ्या. चारही प्लग काढा, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा स्टॉपर लावा, इंजिन हाताने पान्याने हळू फिरवा, पिस्टन टेकला की काट्यासमोर पुलीवर खूण, मग उलट्या बाजूने फिरवा, परत टेकला की दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टॉप. सेल्फ अजिबात मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

टायमिंगलाइट:
@पानाहातोडी बरोबर बोललात, टॉप तपासणं पहिलं यायला हवं होतं.

नवशिक्या_मेकॅनिक:
मध्येच विचारतो, मला हे कधी नीट कळलं नाही, वर ॲडव्हान्स जास्त का लागतो? पेट्रोल तर तेच, सिलिंडर तोच.

जुनाखोडा:
@नवशिक्या, चांगला प्रश्न आहे, जरा सविस्तर सांगतो कारण हे डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुचतं.

स्पार्क पडला की पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम फुटत नाही, ते जळत जातं, प्लगपासून सुरू होऊन पसरत जातं आणि त्याला वेळ लागतो. हिशोबाला धरा २ मिलिसेकंद. आपल्याला काय हवंय, तर सगळ्यात जास्त दाब पिस्टन टॉपवरून थोडा खाली, १५ डिग्रीच्या आसपास आल्यावर यावा, म्हणजे क्रँकला चांगला रेटा मिळतो. आता ८०० आरपीएमला २ मिलिसेकंदात क्रँक फिरतो साडेनऊ डिग्रीच्या आसपास. तेवढ्याच वेळात ३००० ला फिरतो ३६ डिग्री. जळायला वेळ तोच लागणार असेल तर स्पार्क आधी टाकायलाच हवा, नाहीतर पिस्टन कधीच खाली निघून गेलेला असतो आणि जाळ त्याच्या मागे पळतोय.

पण मग ६००० ला ७२ डिग्री लागेल का, तर नाही. स्पीड वाढली की सिलिंडरमध्ये हवेचं घुसळणं पण वाढतं, त्याने जाळ लवकर पसरतो, म्हणून साधारण ३०००-३५०० च्या पुढे ॲडव्हान्स फारसा वाढवावा लागत नाही आणि डिलकोत वजनांना तिथे स्टॉप दिलेला असतो. वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग त्यांना आत ओढतात आणि या ओढाताणीत वरचा, पॉइंट उघडणारा कॅम खालच्या शाफ्टच्या पुढे सरकतो.

व्हॅक्यूमचं काम वेगळं. सपाट रस्त्यावर थोडासाच ॲक्सिलरेटर देऊन चालता तेव्हा सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल कमी भरलेलं असतं, विरळ असतं, ते हळू जळतं म्हणून आणखी ॲडव्हान्स चालतो आणि मायलेज सुधारतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो, डबा प्लेट परत सोडून देतो, नाहीतर नॉकिंग झालं असतं. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये हे सगळं ड्रायव्हर स्टिअरिंगखालच्या दांडीने हाताने करायचा, स्टार्ट करताना मागे, पळताना पुढे. आपल्या डिलकोत तीच दांडी वजनं आणि डबा मिळून हलवतात.

कार्बोप्रेमी:
मोजून आलो. आधी टॉप तपासला पानाहातोडींच्या पद्धतीने, खूण बरोबर आहे, रबर शाबूत. व्हॅक्यूमची नळी बंद करून: ८०० ला ८, १५०० ला पण ८ च, २००० ला ९-१०, ३००० ला जेमतेम १२. नळी जोडून २५०० ला धरलं तर काहीच फरक नाही, एक डिग्री पण नाही. म्हणजे दोन्ही गेलेत का??

टायमिंगलाइट:
हो, दोन्ही. ३००० ला २८ ते ३२ च्या आसपास दिसायला हवं होतं, तुमच्याकडे १२ आहे म्हणजे १६-२० डिग्री गायब, गाडी ओढेल कशी.

आता डिलकोचं झाकण काढा आणि रोटर (सिलिंडरांना स्पार्क वाटणारा वरचा फिरता तुकडा) फिरायच्या दिशेने बोटांनी पिळा. तो थोडा पुढे जायला हवा आणि सोडला की टुणकन परत यायला हवा. अजिबात जात नसेल तर जाम, गेला आणि परतच आला नाही तर जाम किंवा स्प्रिंग तुटलेली. व्हॅक्यूमसाठी डब्याला छोटी नळी लावून मोठ्या सिरिंजने हवा खेचा, पॉइंटची प्लेट सरकायला हवी आणि सिरिंज धरून ठेवली तर तिथेच थांबायला हवी. हळूहळू परत येत असेल तर डायाफ्राम, म्हणजे डब्यातला पडदा, फाटलाय.

जुनाखोडा:
@कार्बोप्रेमी जाम निघाला तर उगाच हातोडी घेऊ नका. ९० टक्के वेळा लोखंडाचं काही बिघडलेलं नसतं, कॅम आणि शाफ्टच्या मधलं तेल वाळून गोंद झालेलं असतं. रोटर काढल्यावर शाफ्टच्या टोकाला छोटं फेल्ट दिसेल, त्यात मॅन्युअलप्रमाणे दर सर्व्हिसिंगला दोन थेंब तेल टाकायचं असतं आणि ते कोणीच टाकत नाही. फेल्ट काढा, बऱ्याच डिलकोत खाली स्क्रू असतो. तो काढायच्या आधी कॅमवर आणि शाफ्टवर खुणेची रेघ मारा, कारण कॅम उलटा, १८० डिग्रीवर पण बसतो आणि मग रोटर भलत्याच सिलिंडरकडे तोंड करून उभा.

गंजतोड तेल टाकून रात्रभर राहू द्या, मग कॅम हाताने डावी-उजवी हळू हलवत वर ओढा. निघाला की सगळं रॉकेलने धुवा, वजनांच्या पिना बारीक कागदाने साफ करा, शाफ्टला पातळ तेल, पिनांना अगदी हलकं ग्रीस. जास्त तेल नको, फिरताना उडून पॉइंटवर गेलं की पॉइंट जळतात.

स्प्रिंगकडे नीट लक्ष द्या. दोन्ही सारख्या नसतात. एक पातळ असते ती पहिल्यापासून ताणलेली, दुसरी जाड असते आणि तिची कडी पिनेवर ढिली लोंबते. ती ढिली आहे म्हणून खराब झालीये असं समजून लोक तिची कडी वाकवून घट्ट करतात आणि अख्खी ॲडव्हान्सची वाट लावतात. ती ढिलीच हवी, आधी पातळ एकटी काम करते म्हणून सुरुवातीला ॲडव्हान्स भराभर येतो, मग जाड पकडते आणि पुढचा हळू येतो. आणि स्प्रिंग काढताना ताणू नका, ताणली की गेली.

काही डिलकोत कॅमच्या पायावर १० किंवा ११ किंवा १२ असा आकडा कोरलेला असतो, तो वजनांचा जास्तीत जास्त ॲडव्हान्स, पण डिलकोच्या डिग्रीत. डिलको क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून पुलीवर दुप्पट मोजायचा.

फीलरगेज:
ओके, किटचं मी घाईत बोललो असेन, पण पॉइंट उघडतायतच तर गॅप पण बघून घ्या. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करायचा नाही. पॉइंटची टाच घासून गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे जातं, गॅप वाढवला की पुढे येतं. चार सिलिंडरला साधारण ०.४ ते ०.५ मिमी, ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री बंद राहतात ते दाखवणारा) असेल तर आणखी चांगलं. आणि प्लेटची ती बारीक अर्थ वायर बघा, प्लेट हलते तसं तिचं कापडी आवरण घासून आतून तुटते आणि बाहेरून धड दिसते. व्हॅक्यूम चालू झाला की मिसिंग, बंद झाला की ठीक, असला विचित्र प्रॉब्लेम ती देते.

कार्बोप्रेमी:
मंडळी, काय सांगू! कॅम जाम होता, बरोबर गोंदासारखं काळं जमलं होतं. भिजवून, हलवून निघाला. कॅमच्या पायावर ११ कोरलंय. धुवून बसवल्यावर: ८०० ला ८, १५०० ला १५, २००० ला २०, ३००० ला २९ आणि पुढे तिथेच थांबतं. गाडी ओळखू येत नाही, चढाला वरच्याच गिअरला निघते आणि काटा पण खाली आला. व्हॅक्यूमच्या डब्याचा डायाफ्राम फाटलेला होता, नवीन डबा टाकला.

पण दोन गोष्टी. एक, आयडलिंगला खूण अजून ३-४ डिग्री नाचते. दुसरी, नवीन डबा लावल्यापासून सपाट रस्त्यावर हलक्या ॲक्सिलरेटरला बारीक टकटक ऐकू येते, पूर्ण दाबला की जाते. हे आधी नव्हतं. नळी चुकीच्या ठिकाणी जोडलीये का?

पानाहातोडी:
नळी कार्बोरेटरवर थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या भोकाला आहे का खाली मॅनिफोल्डला? वरच्याला असेल तर आयडलिंगला व्हॅक्यूम शून्य, मॅनिफोल्डला असेल तर आयडलिंगला पण पूर्ण. दोन्ही पद्धतीच्या गाड्या होत्या, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच ठेवा. हलक्या ॲक्सिलरेटरला मात्र दोन्हीकडे व्हॅक्यूम जवळपास सारखाच मिळतो, त्यामुळे तुमची टकटक नळीच्या जागेमुळे नसणार.

टायमिंगलाइट:
पूर्ण दाबला की टकटक जाते म्हणजे वजनांचा ॲडव्हान्स ठीक आहे आणि जास्तीचं व्हॅक्यूममधून येतंय. खात्रीसाठी नळी काढून, बंद करून त्याच रस्त्यावर चालवून बघा, टकटक गेली तर नक्की. मग जुना आणि नवीन डबा शेजारी ठेवा. काही डब्यांवर तीन आकडे असतात, पहिला म्हणजे किती इंच व्हॅक्यूमला हलायला लागतो, दुसरा म्हणजे कितीला पूर्ण हलतो, तिसरा म्हणजे किती डिग्री, परत डिलकोच्या, म्हणजे पुलीवर दुप्पट.

कार्बोप्रेमी:
नळी काढून चालवली, टकटक पूर्ण गेली. आणि आकडे बघितले, जुन्यावर शेवटचा आकडा ७ आहे आणि नव्यावर १२!! दुकानदार म्हणाला होता सगळे सारखेच असतात.

टायमिंगलाइट:
सापडलं मग. जुना पुलीवर १४ डिग्री द्यायचा, नवा २४ देतो. २९ मध्ये १४ म्हणजे ४३, हलक्या लोडला ठीक. २९ मध्ये २४ म्हणजे ५३, हे खूप झालं. बाहेरून डबा सारखा दिसतो, स्क्रूची भोकं पण जुळतात, पण आतली स्प्रिंग आणि दांडीची चाल वेगळी. शेवटचा आकडा ७ वाला शोधा, तोपर्यंत नळी बंद करून चालवा, मायलेज थोडं कमी पडेल पण इंजिनाला काही होणार नाही. टकटक चालू ठेवून मात्र चालवू नका, पिस्टनची रिंगेजवळची कड तुटते त्याने.

जुनाखोडा:
खूण नाचण्याचं सांगतो. रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. खालीवर थोडा खेळ चालतो, आडवा अजिबात नको. आडवा हलत असेल तर शाफ्टला धरणारे बुश गेलेत, शाफ्ट डगमगतो आणि प्रत्येक सिलिंडरला पॉइंटचा गॅप वेगळा पडतो, म्हणून टायमिंग विखुरतं. बुश बदलून मिळतात, लेथवाल्याकडून शाफ्टच्या मापाने रीम (आतून भोक मापात) करून घ्यायचे. फीलरगेजचं किट इथे थोडा फायदा देईल, कारण पॉइंटएवढा गॅपवर अवलंबून नसतो, पण बुश गेलेलेच राहिले तर फायदा अर्धवट.

शाफ्ट घट्ट निघाला तर टायमिंग चेन बघा. झाकण काढून रोटरकडे बघत क्रँक पान्याने एका बाजूला फिरवा, मग उलट फिरवा आणि रोटर हलायला लागेपर्यंत पुलीवर किती डिग्री रिकामी जातात ते मोजा. डिलको कॅमशाफ्टवरून फिरतो म्हणून चेन ढिली झाली की तो ढिलेपणा सगळा टायमिंगमध्ये उतरतो. ८-१० डिग्री रिकामी जात असतील तर चेन आणि टेन्शनर दोन्ही बदलायला घ्या.

कार्बोप्रेमी:
शाफ्ट आडवा हलतोय, बोटाला स्पष्ट जाणवतंय. चेनचा खेळ दोन-तीन डिग्रीच आहे. म्हणजे बुशच. डिलको उतरवून लेथवाल्याकडे देतो, रोटर कुठे बघतोय आणि बॉडी कुठे आहे त्याच्या दोन्ही खुणा मारून ठेवल्यात.

जुनाखोडा:
उतरवल्यावर मध्ये इंजिन अजिबात फिरवू नका. आणि गिअर तिरक्या दात्यांचा असेल तर डिलको खाली बसताना रोटर थोडा वळतो, म्हणून काढताना तो शेवटी कुठे वळून थांबला त्याची तिसरी खूण पण मारा, बसवताना तिथून सुरुवात करायची. बसल्यावर गॅप नव्याने लावा, मग ८ वर टायमिंग, मग परत ३००० ला २९-३० येतंय का बघा.